हज्जाच्या मजऱ्यातलं मुंगूस

आधी माफी मागतो. प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यानं पुष्कळ फिरलेलं असावं, निदान जे बघितलं ते त्याला समजलेलं तरी असावं. माझं दोन्ही बाजूंनी अवघड आहे. मी आयुष्यात एकदाच विमानानं परदेशी गेलो, सतरा दिवस कतारमध्ये राहिलो, आणि तिथं बघितलेल्यातलं निम्मं मला अजून उलगडलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना कुठं चुकलं तर विचारायला घरात माणूस नाही. तरी लिहितोय, कारण तिथं माझ्या एका शब्दावर एक जनावर पिंजऱ्यात गेलं. पुढे त्याचं काय झालं हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

मी प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या वर्षी प्रत्येकानं एक प्राणी निवडून त्याच्यावर प्रकल्प करायचा असतो. मी मुंगूस निवडलं. त्याला मोठं कारण नाही. आमच्याकडे, सांगोल्याच्या बाजूला, बांधावरून मुंगूस पळताना दिसतं आणि त्याची भीती वाटत नाही, एवढंच. फोनवर मामांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मुंगूस व्हय? ते इथं हाय की माझ्याजवळ. ये बघायला."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. कतारच्या उत्तरेला, मदिनत अश शमाल नावाच्या गावाच्या अलीकडे, एका मजऱ्यावर ते राखणदार आहेत. मजरा म्हणजे आपल्या भाषेत शेतमळा, फक्त चारी बाजूंनी भिंत घातलेला. मला वाटलं मामा चेष्टा करताहेत. वाळवंटात मुंगूस कुठलं. पण वाचायला बसलो तर आखातात आपलं करडं मुंगूस सापडतं असं दिसलं. मात्र ते तिथं मूळचं किती आणि माणसानं जहाजातून नेलेलं किती, यावर दोन पुस्तकांत दोन उत्तरं होती. सरांना विचारलं. सर म्हणाले, "तू जातोयसच, तर बघून ये." जणू बघितल्यावर कळतंच.

अल सद्द

पहिल्या दोन रात्री मी दोह्यात अल सद्द भागात फिलोमिना आंटींकडे राहिलो. त्या वसईच्या, हॉस्पिटलात नोकरी करतात. मामा पूर्वी दोह्यात गाडी चालवायचे, तेव्हापासूनची ओळख. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली सगळी दुकानं, आणि रस्त्यावर चालणारा मी एकटाच असल्यासारखं वाटे. सगळे गाडीत किंवा मेट्रोत. मी चालत चालत एका चौकातून पलीकडे जायला पंधरा मिनिटं घेतली, आणि पलीकडे गेल्यावर कशासाठी आलो होतो ते आठवेना.

आंटींनी पहिल्या जेवणाला माशाचं आंबट आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मला वाटलं होतं इथं सगळं वेगळं खावं लागेल. आंटी म्हणाल्या, "अरे बाबा, इथं साप दिसायची मारामार, तुझं मुंगूस काय करणार? करक पीत बसणार?" करक म्हणजे तिथला घट्ट उकळलेला दुधाचा चहा.

त्यांची मुलगी सातवीत आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. तिनं विचारलं, "लाइक मीरकॅट्स?"

मी म्हटलं, मीरकॅट हे आफ्रिकेतलं मुंगूसच आहे. पण ते टोळीनं राहतं, आळीपाळीनं पहारा देतं, एकमेकांची पिल्लं सांभाळतं. आपलं करडं मुंगूस एकटं असतं.

"हाऊ डू यू नो?"

"पुस्तकात आहे."

"ओके," ती म्हणाली आणि फोनमध्ये बघायला लागली. मला उगाच वाटलं की तिचं समाधान झालेलं नाही.

मेसईद

मजऱ्यावर जाण्याआधी एक दिवस मेसईदला गेलो. तिथं आमच्या गावचे शिवादादा वेल्डर आहेत. त्यांच्या खोलीतल्या कुणीतरी बंदराच्या बाजूला मुंगूस बघितलं होतं, म्हणून मी दोह्याहून बसनं गेलो. सगळीकडे कारखान्यांच्या चिमण्या, टाक्या आणि पाइप. शिवादादांनी मला कंपनीच्या वसाहतीमागच्या कुंपणाकडे नेलं. "इथंच. लांब शेपूट, असं सपासप गेलं म्हणे."

तासाभरानं कुंपणाच्या कडेला काहीतरी करडं हललं. मी फोन काढून फोटो घेतला, आणि मागून शिट्टी वाजली. तिथं फोटो काढायचा नसतो हे मला माहीत नव्हतं. गार्ड नेपाळी होता. शिवादादा हात जोडून हिंदीत सांगू लागले, "भाई, ये पढ़नेवाला है. नेवला देखने आया है."

"नेवला देखने? इंडिया से?" गार्डनं माझ्याकडे नीट पाहिलं. "हमारे में न्याउरी मुसा बोलते हैं. गाँव में मुर्गी ले जाता है." मग त्यानं मलाच फोटो पुसायला लावला. पुसण्याआधी तिघांनी मिळून तो मोठा करून बघितला. मांजर होतं.

रात्री शिवादादांच्या खोलीत सहा जणांनी मिळून मला मुंगसाबद्दल जे सांगितलं, त्यातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. एक म्हणाला, त्याला साप चावला की ते रानात जाऊन एक मुळी खातं आणि बरं होतं. दुसरा म्हणाला, त्याला साप चावूच शकत नाही. मी जे वाचलं होतं ते सांगायचा प्रयत्न केला. नागाचं विष शरीरात शिरलं की नस आणि स्नायू जिथं जुळतात तिथं जाऊन बसतं आणि स्नायू थांबतो. मुंगसाची ती जागाच अशी घडलेली असते की विषाला तिथं धड बसता येत नाही. शिवाय ते चपळ असतं, आणि केस फुलवल्यावर साप नेमका कुठं चावावा हे चुकतो. तरीही फार विष गेलं तर मरतं.

"म्हणजे मरतं," पहिला म्हणाला.

"कधी कधी."

"मग मुळीचं काय?"

मुळीला पुरावा नाही, असं मी म्हटलं. सगळे थोडे नाराज झाले. शिवादादा मला जेवण वाढताना म्हणाले, "एवढं शिकलास, तर मुळी शोधायची तरी होतीस."

मदिनत अश शमालच्या अलीकडे

मामा मला न्यायला आले, तेव्हा गाडीत ज्वारीच्या पिठाची पिशवी होती. दोह्यात मिळतं म्हणाले. उत्तरेकडे जाताना दोन्ही बाजूंना सपाट, खडीसारखी जमीन. मधेच थोडी झुडपं, मधेच एखाद्या मजऱ्याची लांब भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी खजुराची झाडं. आमच्याकडचा उन्हाळ्यातला माळ आणि हा देश यांत मला फार फरक वाटला नाही, हे मी मामांना म्हटलं. मामा म्हणाले, "जुलैत ये, मग बोल."

हिवाळा होता. सकाळी धुकं पडायचं, भिंती ओल्या व्हायच्या. मजऱ्यात खजूर, थोडा भाजीपाला, बकऱ्या, पंपाची खोली, तिच्यामागे जुन्या पाइपांचा ढीग, आणि एक मोठं सिदरचं झाड. सिदर म्हणजे आपल्या बोरीची बहीण. त्याची बोरं मामा खिशात घेऊन फिरायचे. झाडापलीकडे कोंबड्यांचा खुराडा. मजरा ज्या घराण्याचा आहे, त्यातल्या म्हाताऱ्या आजी दर शुक्रवारी खास या कोंबड्या बघायला यायच्या. त्यांना सगळे मानानं हज्जा म्हणत.

मजऱ्याचा कारभार बघणारे उस्मान हे सुदानचे. उंच, हळू बोलणारे, पन्नाशीचे. मामांशी त्यांचं हिंदी असं होतं की क्रियापदं मामांची आणि बाकीचे शब्द कुणाचेही. त्यांनी मला पहिल्याच दिवशी पाइपांजवळची माती दाखवली. "शूफ, देखो. ये किसका पैर?"

पाच बोटं, पुढे नखांच्या खुणा. मांजराची नखं चालताना आत असतात, म्हणून मांजर नाही. "मुंगूस," मी म्हटलं, आणि मामांची मान अशी ताठ झाली की मीच ओशाळलो.

उस्मान म्हणाले, "मालूम है नेवला है. अंडा जाता है, छोटा मुर्गी जाता है. हज्जा नाराज है."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खजुराच्या झाडाआड वही घेऊन बसलो. धुकं निवळत होतं. साडेसातच्या सुमाराला मामा खुराड्यातून बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं, आणि सिदरखालच्या सपाट दगडावर एक अंडं ठेवलं. मग चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. हात जोडलेले नव्हते, पण उभं राहणं तसंच होतं.

पाइपांच्या ढिगातून ते बाहेर आलं. आधी नाक, मग लांबट अंग, मग तेवढीच लांब शेपूट. लांबून ते नुसतं करडं दिसतं, पण एकेका केसावर फिकट आणि काळे पट्टे असतात, म्हणून ऊन पडलं की अंगावर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. दगडाजवळ येऊन ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि मामांकडे बघितलं. मग अंडं पुढच्या पायांत धरून निमुळत्या टोकाला चावलं आणि चाटत बसलं. मी वाचलं होतं की मुंगूस अंडं मागच्या पायांमधून दगडावर फेकून फोडतं. यानं तसं केलं नाही. मी वहीत लिहिलं, 'फेकलं नाही', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

ते निघून गेल्यावर मी झाडाआडून बाहेर आलो. मामा दचकले.

"मामा, अंडी तुम्ही देताय?"

"एकच देतोय. रोज एक."

"आणि उस्मानभाई त्यालाच चोर समजतायत."

"हळू बोल की जरा." मामा दगडावरची टरफलं गोळा करू लागले. "अरं, लहानपणी आपण काय करायचो? मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावायचो का न्हाई? दाखवलं की दिवस चांगला जायचा. इथं आल्यावर सहा वर्षं एकबी दिसलं न्हाई. मागल्या वर्षी हे दिसलं. मी शपथ घातली. आता हितलं मुंगूस, त्याला काय मराठी कळतंय? पण वळलं बघ. वळून बघितलं."

मुंगूस पळताना मधेच थांबून मागे बघतंच, तो त्याचा स्वभाव आहे, धोका किती लांब आहे हे ते बघतं. हे मी मामांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हेही मला कळत नाही.

मामांची चूक मला तेव्हाच दिसली होती. वर्षभर रोज अंडं मिळाल्यानं ते खुराड्याजवळ यायला भीत नव्हतं. अंडं मामा देत होते, पण कोंबडीची पिल्लं ते आपणहून नेऊ लागलं होतं. मामांनाही हे समजत होतं. ते म्हणाले, "सवय मीच लावली. पण सवय लावली म्हणून काय आता हाकलायचं?"

पुढचे काही दिवस मी त्याच्यामागे फिरलो. ते दिवसा हिंडतं, रात्री नाही, त्यामुळे माझं काम सोपं होतं. शेणातले किडे उकरायचं, पाली धरायचं. दगडावर बूड घासून वास ठेवायचं. एकदा भिंतीबाहेर त्यानं काट्याच्या शेपटीच्या घोरपडीसारख्या प्राण्याचा पाठलाग केला. तिथं त्याला धब म्हणतात, आपल्याकडच्या सांड्याचा भाऊबंद. धब बिळात शिरून शेपूट दारात अडवून बसला, मुंगूस परत फिरलं. सापाशी लढताना मात्र मी त्याला बघितलं नाही. मामा म्हणत, त्यानं वाळूतला शिंगवाला साप मारलाय. उस्मान म्हणत, साप बघून ते पळून गेलं. दोघंही आपल्या डोळ्यांनी बघितलं म्हणत. तो साप नागाच्या जातीचा नाही, त्याचं विष रक्तावर चालतं. नागाच्या विषाला पुरून उरणारं शरीर तिथं उपयोगी पडतं की नाही, हे मला सांगता आलं नाही.

शुक्रवार

हज्जा आल्या. काळा अबाया, हातात काठी, बरोबर दोन सुना. त्यांनी प्रत्येक कोंबडीची विचारपूस केली. पांढऱ्या कोंबडीची पाच पिल्लं होती, आता दोनच, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या उस्मानशी बराच वेळ बोलल्या. मग मामांच्या खोलीपुढे सगळ्यांना मोठ्या ताटात भात आणि बकऱ्याचं मटण आलं. मामा आणि मी मालकांच्या ताटातलं कसं खायचं म्हणून आमची ताटली वेगळी मागायला लागलो, तेव्हा उस्माननी मला हाताला धरून ताटाशी बसवलं. आमच्या गावात राखणदार मालकाच्या ताटात जेवत नाही. मी पहिले चार घास मोजून खाल्ले, मग भूक लागल्यासारखं खाल्लं.

जेवणानंतर उस्मान माझ्याजवळ येऊन बसले. मामा शेजारी होते.

"छोटे भाई, हज्जा बोला, नेवला यहाँ से जाएगा. मारना नहीं. दोहा से आदमी आएगा, पिंजरा में लेके जाएगा." ते थांबले. "लेकिन हज्जा बोला, बच्चावाला है तो अभी नहीं पकड़ना. बच्चा बड़ा होने दो, फिर देखेंगे. तुम पढ़नेवाला है. तुम बोलो. अकेला है या फॅमिली है?"

मी त्या क्षणी काय विचार केला हे अनेकदा आठवून बघितलंय. मी पाच दिवसांत एका वेळी एकच मुंगूस बघितलं होतं. पुस्तकात ते एकटं राहतं असं होतं. नर मादीपेक्षा मोठा असतो असं होतं, आणि मला ते मोठं वाटलं होतं, पण शेजारी तोलायला दुसरं कुठलं होतं? आणखी एक गोष्ट मनात होती. बाहेरून आलेलं मुंगूस काय करतं हे मी वाचलं होतं. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला लोकांनी त्याला दूरच्या बेटांवर नेलं, आणि त्यानं तिथले जमिनीवर घरटी करणारे पक्षी खाऊन टाकले. हे इथं बाहेरचं असेल तर जाणंच बरं. असं जनावर धरलं की परत सोडायचं नसतं, हे पुस्तकातलं मी मामांना सांगितलंही होतं. आणि खरं सांगायचं तर मामा माझ्याकडे बघत होते. बारावीनंतर मी गवंडीकामाला जाणार होतो, तेव्हा "पोरगं कॉलेजात जाऊ द्या" म्हणून माझ्या वडिलांशी फोनवर भांडलेला माणूस माझ्याकडे बघत होता. त्याच्यासमोर 'माहीत नाही' म्हणायचं माझ्या तोंडून येईना.

"अकेला है," मी म्हटलं. "नर है."

"पक्का?"

"पक्का."

उस्मान समाधानानं उठले. मामांना हवं असलेलं उत्तर मी दिलं नव्हतं, पण उत्तर मी दिलं होतं. संध्याकाळी भाकरी थापताना ते एवढंच म्हणाले, "तू म्हणतोस तर नरच असंल."

पिंजरा दोन दिवसांनी आला. जाळीचा, आत गेलं की दार पडणारा. उस्माननी आत मासळी ठेवली. दोन दिवस मुंगूस लांबून फिरून गेलं. तिसऱ्या दिवशी उस्मान म्हणाले, "अंडा रखो." आणि अंडं ठेवायला त्यांनी मामांनाच सांगितलं, कारण कोंबड्या मामांच्या हाताला सरावलेल्या. त्यांना बाकी काही ठाऊक नव्हतं. मामांनी पिंजरा सिदरखालच्या दगडाशेजारी सरकवला, अंडं आत ठेवलं, आणि नेहमीसारखे चार पावलं मागे न थांबता खोलीत निघून गेले.

मुंगूस नेहमीच्या वेळेला आलं. उभं राहिलं. जिथं मामा असायचे तिकडे बघितलं. मग आत गेलं.

शेवटची सकाळ

माझं विमान दुपारचं होतं. पिंजऱ्यातलं जनावर न्यायला दोह्याहून माणसंही दुपारीच येणार होती. रात्रभर पिंजरा पंपाच्या खोलीत पोत्यानं झाकून ठेवला होता. सकाळी सरांना दाखवायला जवळून मोजमापं लिहून घ्यावीत म्हणून मी पोतं बाजूला केलं.

ते कोपऱ्यात गेलं, केस फुलवले, दुप्पट झालं आणि फिस्कारलं. त्याचे डोळे तपकिरी-लाल, आणि बाहुली आडवी. मांजराची उभी असते. हे मी आधी वाचलेलं होतं, आता बघत होतो. मी वहीत 'बाहुली आडवी' लिहिलं. मग ते जाळीवर चढलं, मागच्या पायांवर, वरचं दार नाकानं ढकलत, आणि त्याचं पोट माझ्यासमोर आलं.

पोटाच्या खालच्या बाजूला केस विरळ झाले होते. सड सुजलेले, गुलाबी, एकाच्या टोकाला ओलं.

मी वही मिटली. मग मामांना बोलावलं. मामांनी शेळ्या राखलेल्या आहेत, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"पाजतीया," ते म्हणाले.

"हो."

"म्हंजे कुठंतरी पिल्लं हायत."

"हो. कालपासून उपाशी असतील."

आम्ही दोघं पाइपांच्या ढिगाकडे गेलो. मामांनी जमिनीला कान लावला. मीही लावला. पंप चालू होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पाइप उचलायला गेलो तर आत काय दबेल कळेना, म्हणून ठेवून दिले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, मला विमानतळावर नेणारी.

मामा उठले, गुडघे झटकले. "सांग आता. सोडू का तिला?"

मी म्हणू शकत होतो, सोडा. मी उस्मानभाईंकडे जाऊन म्हणू शकत होतो, मी चुकलो, ती मादी आहे. ते समोर बकऱ्यांना चारा टाकत होते, वीस पावलांवर. पण मग पुन्हा डोक्यात ते बेटांवरचे पक्षी आले. इथं भिंतीबाहेर चंडोल जमिनीवरच घरटी करतात, मी बघितली होती. उद्या एका मुंगसाची चार-पाच झाली तर? आणि ही जात इथं मूळची असेल तर? मग मी कशाबद्दल बोलतोय? आणि हे सगळं खोटं आहे, मला फक्त मामांच्या साहेबासमोर चूक कबूल करायची लाज वाटतेय, असंही मनात आलं. मला यातलं खरं कुठलं ते ठरवता आलं नाही.

"मला कळत नाही मामा," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. रागानं नाही. शाळेत पहिल्यांदा सोडायला आलेला माणूस फाटकातून बघतो तसं. मग माझी बॅग उचलली. "यल्ला. गाडी थांबलीया. तू चल."

उस्माननी मला मिठी मारली, तीनदा खांद्याला खांदा लावला, खजुराचा डबा दिला. "शुक्रन, छोटे भाई. तुमने काम आसान किया."

मी खाली बघून गाडीत बसलो.

परत आल्यावर

घरी पोचून पहिल्याच फोनवर मी विचारलं. मामा म्हणाले, "नेलं त्यांनी. खलास. तू आता अभ्यास कर." पुढच्या वेळी विचारलं तेव्हा आईची तब्येत कशी आहे असं त्यांनीच विचारलं. तिसऱ्या वेळी मी विचारलं नाही.

प्रकल्प लिहिला. त्यात एक तक्ता होता: लांबी, रंग, बाहुली, खाद्य, बीळ, लिंग. शेवटच्या रकान्यात मी 'मादी' लिहिलं आणि बाजूला, 'निरीक्षकाने आधी नर असे नोंदवले होते' असं लिहिलं. सरांनी त्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली. ते चांगलं की वाईट, कळलं नाही. झोपताना मी हिशेब करायचो की आईशिवाय डोळे न उघडलेली पिल्लं किती तास काढतात. हे कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, आणि मिळू नये असंही वाटायचं.

दोन महिने गेले. परवा कॉलेजच्या वाचनालयात बसलो होतो, तेव्हा उस्मानभाईंचा व्हिडिओ आला आणि मागोमाग आवाजी निरोप. त्यांनी यापूर्वी कधी मला काही पाठवलं नव्हतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि आधी निरोप ऐकला.

"छोटे भाई, सलाम. कैसा है? शूफ, तुम्हारा नेवला. तुम्हारा मामा उसी दिन बोला, तुम गया उसके आधा घंटा बाद. बोला, उस्मान, बच्चावाला है, भांजा का गलती नहीं, मेरा गलती, मैंने नहीं बताया. मैंने हज्जा को फोन किया. हज्जा बोली खोलो. हम दोनों खोला. सीधा पाइप में गया. तीन बच्चा था, एक मर गया. दो अच्छा है, अल्हम्दुलिल्लाह. मुर्गी अभी जाली के अंदर है. हज्जा पूछती है, ये बच्चा माँ को छोड़ के कब जाएगा? तुम पढ़नेवाला है, तुम बोलो."

मग व्हिडिओ लावला. धुकं नाही, उन्हं कडक झालेली. पाइपांच्या ढिगातून ती बाहेर आली, थांबली, पुन्हा चालू लागली. मागोमाग एक पिल्लू आणि त्याच्या शेपटीला नाक लावून दुसरं, तिघांची मिळून एकच लांब रेघ असल्यासारखी. भिंतीच्या सावलीतून ती रेघ सरकत गेली. फोन धरलेल्या उस्मानभाईंच्या शेजारून मामांचा दबका आवाज येत होता.

"भेजना मत हां उस्मानभाई, भांजे को. मैंने उसको बोला है, ले गया करके. उसका किताब में छोड़ना मना है."